'मल्हारी'नं पलटी मारायला नकार दिला तेव्हा

पौषातला शनिवार, रात्रीचे साडेनऊ. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या दोन जोडघरांच्या मिळून झालेल्या गच्चीवर एका टोकाला पाच इंची स्टीलची ताटली पालथी घातली होती. दुसऱ्या टोकाला, बेचाळीस फुटांवर, खडूनं फुली मारली होती. फुलीपासून ताटलीकडे बाण काढत जायचं, हा त्या रात्रीचा खेळ. पहिला बाण बोटभर, पुढचा त्याहून लांब, शेवटचे दोन-तीन तर माणसाच्या छातीएवढे. मधे गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, प्लेट होती. तिला आम्ही चंद्र मानलं नाही, कारण ती रिकामी होत गेली.

ताटली म्हणजे पृथ्वीएवढा ग्रह. बाण म्हणजे 'मल्हारी', आमच्या खेळातलं दोनशे टनी मालवाहू जहाज. त्या रात्री जहाजाच्या कॅप्टननं केलेल्या एका घोषणेमुळे खेळ थांबला, तो तीन आठवडे. काय झालं, कोण काय म्हणालं, आणि पंच म्हणून माझं कुठे चुकलं, ते इथे मांडतोय. घरातलंच प्रकरण असल्यामुळे कोणाचं नाव घेत नाही, नात्यांनीच बोलतो.

खेळ आणि खेळणारे

खेळाचं नाव ट्रॅव्हलर. अमेरिकेत १९७७ साली गेम डिझायनर्स वर्कशॉपनं तो काढला, रचना मार्क मिलर यांची. पडदा नाही, बटणं नाहीत. कागद, पेन्सिल, सहा बाजूंचे फासे आणि तोंडी वर्णन. एकजण पंच होतो आणि जग चालवतो. बाकीचे त्या जगातली माणसं होतात. या खेळाची मला आवडणारी गोष्ट अशी, की यातल्या वीरांना विश्व वाचवायची घाई नसते, हप्ता भरायची असते. दोनशे टनी व्यापारी जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. वीस टक्के आधी भरा, मग दर महिन्याला किमतीचा दोनशे चाळिसावा भाग, म्हणजे १,५४,५०० क्रेडिट, आणि असे ४८० महिने. चाळीस वर्षं! आमच्या ताई बँकेत कर्ज विभागात आहेत. नियम वाचून त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, "हे खरं विज्ञान आहे. बाकीचं जाऊ द्या."

ताई कॅप्टन. यंत्राची जबाबदारी 'कॅट'मधून निवृत्त झालेल्या काकांकडे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला आमच्याकडे अजून सगळे कॅटच म्हणतात. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. ते दिशादर्शक. दादांच्या आग्रा–मुंबई रस्त्यावर ट्रक धावतात, म्हणून माल त्यांच्याकडे. आणि माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तोफा सांभाळतो. आमच्या जहाजाला तोफ एकच आहे आणि तीही तारण आहे.

प्रवासाचे नियम दोन. एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्याकडे जायला 'झेप' घ्यायची. झेप एक पार्सेकची (साधारण सव्वातीन प्रकाशवर्षांची) असो की सहा पार्सेकची, वेळ साधारण एक आठवडाच. ग्रहाच्या व्यासाच्या शंभर पट अंतराच्या आत झेप घेणं धोक्याचं, म्हणून आधी तेवढं लांब जायचं आणि येतानाही तेवढ्यावर बाहेर पडायचं. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे हे अंतर पावणेतेरा लाख किलोमीटर. ते अंतर साधं इंजिन कापतं. आमच्या जहाजाचं इंजिन १ जी प्रवेग देतं, म्हणजे खुर्चीत बसल्यावर पाठीला पृथ्वीएवढंच वजन लागतं. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, तिथे जहाज उलटं फिरवायचं आणि उरलेल्या वाटेत तेवढाच कमी करायचा. या उलट्या फिरण्याला आम्ही 'पलटी' म्हणतो. दादांना तो शब्द अशुभ वाटतो. ट्रकवाल्याला वाटणारच.

हे इंजिन किती अचाट आहे ते कळायला आपलीच उदाहरणं पुरेत. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं, चाळीस दिवस. 'मल्हारी' चंद्राचं अंतर साडेतीन तासांत कापून तिथे थांबेल. मंगळयानाला उड्डाणापासून मंगळाच्या कक्षेत शिरेपर्यंत साडेदहा महिने लागले. मंगळ जवळात जवळ असेल तेव्हा 'मल्हारी'ला ४२ तास पुरतात. एवढं सगळं नियमांच्या पुस्तकात दोन ओळींत आहे. आम्ही दोन वर्षं ते वापरलं आणि कोणालाच खटकलं नाही.

ती घोषणा

झेप संपवून 'मल्हारी' शंभर व्यासांवर बाहेर आली होती. बंदराचा अधिकारी मी होतो. मागच्या फेरीतल्या कागदपत्रांत खोट दाखवून मी तीन लाख क्रेडिटचा दंड मागितला, नाहीतर ८२ टन माल जप्त. तीन लाख म्हणजे जवळजवळ दोन हप्ते. दादांनी विनवून पाहिलं, थोडं 'बघून घ्या ना साहेब' पण करून पाहिलं. अधिकारी बधला नाही. माझ्या मनात पुढे एक वकील, एक चोरवाट वगैरे तयार होतं.

ताईंनी खडू उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "बंदराला कळवा. आम्ही नेहमीच्या वेळी इंजिन चालू करतोय. पण दंड मागे घेतल्याशिवाय पलटी मारणार नाही."

मला क्षणभर कळलंच नाही. सरांना कळलं. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही ताईंकडे न देता माझ्याकडे सरकवली.

पलटी मारली तर हा प्रवास सहा तास वीस मिनिटांचा. न मारता सरळ गेलं तर चार तास अठ्ठावीस मिनिटांत 'मल्हारी' ग्रहावर पोचते, आणि पोचताना तिचा वेग असतो सेकंदाला १५८ किलोमीटर. तीन तास दहा मिनिटांनंतर पलटी मारली तरी ती ग्रहापाशी थांबू शकत नाही. बाजूला मात्र वळू शकते. इंजिन आडवं लावून ग्रह चुकवायला एकोणीस मिनिटं पुरतात. म्हणजे घासाघीस शेवटच्या एकोणीस मिनिटांपर्यंत चालू शकते. त्यानंतर देवाचं नाव.

आता आदळली तर काय? खेळातला 'टन' वजनाचा नाही, जागेचा आहे: एक टन द्रव हायड्रोजन मावेल एवढी जागा, साधारण १४ घनमीटर. वजन आम्हीच ठरवलं, मालासकट हजार मेट्रिक टन. तेवढं वजन १५८ किलोमीटरच्या वेगानं म्हणजे तीन मेगाटन. हिरोशिमाचा बाँब पंधरा किलोटनच्या आसपास होता, म्हणजे तसे दोनशे. भाचा लगेच म्हणाला, "लोणार!" सरांनी मान हलवली. असलं पोकळ जहाज जमिनीपर्यंत एकसंध येणार नाही, वरच्या हवेतच फुटेल. मग दाखला लोणारचा नाही, तुंगुस्काचा. सैबेरियात ३० जून १९०८ ला असंच काहीतरी हवेत फुटलं आणि दोन हजारांवर चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. आपला इंदूर जिल्हा चार हजारांला थोडा कमी. अर्धा जिल्हा, आणि तोही बाजारातल्या एका साध्या मालवाहू जहाजानं, साडेचार तासांत, एकही गोळी न झाडता.

ताई म्हणाल्या, "मी तर नुसतं ब्रेक लावणार नाही म्हटलं."

बाण अर्ध्यावर होते. भाच्यानं तेव्हा जो प्रश्न विचारला, तो या प्रकरणाचा गाभा आहे: "मामा, हे इतकं सोपं असेल तर या विश्वात आजपर्यंत कोणी केलं कसं नाही? इथे बंदरं उभी कशी आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. खेळ थांबवला.

तीन आठवडे, तीन वेगळे वाद

हा वाद आमचा नाही. ट्रॅव्हलरच्या जुन्या खेळाडूंमध्ये तो कित्येक वर्षं चालू आहे. त्यांचं त्यातलं आवडतं उदाहरण याहून भयानक आहे: महिनोन्‌महिने वेग वाढवत आणलेला, प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचलेला दगड. मी ते सगळे मुद्दे जमेल तसे जमवले आणि दर शनिवारी गच्चीवर घेऊन गेलो. तिथे माझी पहिली चूक झाली. मला वाटलं आपण सगळे एकाच गोष्टीवर भांडतोय. प्रत्यक्षात चार माणसं तीन वेगळ्या गोष्टींवर भांडत होती आणि प्रत्येकजण त्याला 'हे शक्य आहे का' एवढंच म्हणत होता.

सरांचा मुद्दा सर्वांत खोल होता, म्हणून त्याला आधी जागा देतो. 'मल्हारी'चं इंजिन मागे काही फेकत नाही. अग्निबाण वायू मागे फेकतो म्हणून पुढे जातो. त्सिओल्कोव्स्कीनं १९०३ मध्ये मांडलेलं समीकरण त्याचाच हिशेब आहे. आजच्या चांगल्या रासायनिक इंजिनाचा वायू सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास निघतो. तेवढ्यावर १५८ किलोमीटरचा वेग गाठायचा तर इंधन जहाजाच्या लाखो अब्ज पट न्यावं लागेल. खेळानं ते टाळलं आणि फेकणंच काढून टाकलं. "आणि तिथे," सर म्हणाले, "ऊर्जेचं खातं जुळेनासं होतं."

'खातं' म्हटल्यावर ताईंनी कान टवकारले. सरांनी समजावलं ते असं. जहाज दर सेकंदाला दहा मीटर प्रतिसेकंद वेग कमावतं. बंदरावरून पाहणाऱ्याला, जहाज सेकंदाला दहा किलोमीटरनं जात असताना त्या दहा मीटरची ऊर्जा एक रुपया धरली, तर शंभर किलोमीटरच्या वेगाला त्याच दहा मीटरची किंमत दहा रुपये होते. इंजिन मात्र दोन्ही वेळी तेवढंच जळतंय. जादाचे नऊ रुपये कोणी भरले? अग्निबाणात हा हिशेब मागे फेकलेल्या वायूच्या खात्यात जुळतो. इथे मागे कोणी नाहीच. शिवाय दुसऱ्या एखाद्या जहाजातून पाहिलं तर आकडा आणखी वेगळा. म्हणजे आधी विचारावं लागतं, वेग कोणाच्या दृष्टीनं? ताई म्हणाल्या, "एकाच व्यवहाराच्या दोन पासबुकांत दोन रकमा. आमच्याकडे याला घोटाळा म्हणतात." मला वाटतं, या विषयावर याहून चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही.

सरांचा निष्कर्ष: जहाजच अशक्य, म्हणून धमकीही अशक्य. मला हा निष्कर्ष पटला नाही, आणि तो का पटला नाही हे मला फार उशिरा उमगलं. इंजिन अशक्य म्हणायचं तर 'मल्हारी' चंद्रावरसुद्धा जाऊ नये. दोन वर्षं आपण तिच्यात बसून माल विकला, तेव्हा पासबुकं कोणी तपासली नाहीत. ज्या दिवशी इंजिन गैरसोयीचं झालं त्याच दिवशी ते अशक्य ठरवायचं, हे पंचानं करू नये.

काकांना इंजिन मान्य होतं, त्यांना उष्णता मान्य नव्हती. ते आयुष्यभर यंत्रं थंड ठेवत आलेत. शेवटच्या क्षणी 'मल्हारी'ची शक्ती निघते दीड लाख कोटी वॅट, म्हणजे दीड हजार गिगावॅट. २०२४ मध्ये सगळ्या भारताची वीज बनवण्याची क्षमता साडेचारशे गिगावॅटच्या आसपास होती, तिच्या तिपटीहून जास्त. इंधनाचं अडत नाही. हायड्रोजनच्या संमीलनातून ही सगळी ऊर्जा काढली तर वीस किलो पुरतो. पण शेकडा एक टक्का जरी उष्णता म्हणून वाया गेला तरी पंधरा गिगावॅट जहाजात अडकतात, आणि अंतराळात हवा नाही, पाणी नाही. ती उष्णता नुसती उजेड म्हणून फेकायची. तापून बाराशे अंशांवर लाल-पिवळे झालेले पत्रे, दोन्ही बाजूंनी फेकणारे धरले तरी साडेसहा एकर. "साडेसहा एकरांचे पंख लावलेलं जहाज," काका म्हणाले, "ते तुम्ही लपवणार कुठे? तुमचं जहाज चोर म्हणून निकामी आहे." हा मुद्दा मी जपून ठेवला. पुढे तोच कामी आला.

भाच्याच्या मनात प्रकाशवेगाचे दगड घुसले होते. एक वर्ष सतत १ जी दिला तर साध्या गुणाकारानं प्रकाशाच्या वेगाच्या पुढे जातो, हे त्यानं मोबाइलवर काढलं होतं. त्याला काकांनी आपल्या गल्लीतलं उदाहरण दिलं. राजेंद्रनगरापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर, कॅटमध्ये, १७२.५ मीटर परिघाच्या इंडस-२ या कणत्वरकाच्या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. ते आत येतात ५५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला, आणि चढवत नेतात २५०० पर्यंत. ऊर्जा साडेचार पट. वेग किती वाढला? सेकंदाला सव्वाशे मीटरसुद्धा नाही. प्रकाशवेगाजवळ ढकलणं वेगात जात नाही, जडपणात जातं. वर्षभर ढकललेलं जहाज बंदराच्या घड्याळानं प्रकाशवेगाच्या सुमारे ७२ टक्क्यांवर असेल, १०३ वर नाही. भाचा गप्प झाला, मग म्हणाला, "पण ७२ टक्के पुरे आहेत ना?" पुरे आहेतच. महिनाभर ढकललेलं जहाजसुद्धा सत्तर हजार मेगाटनांच्या वर जातं.

खेळाच्या निर्मात्यांनाही हे जाणवलेलं दिसतं. १९९३ च्या 'न्यू एरा' आवृत्तीत त्यांनी ते फुकटचं इंजिन काढून वायू फेकणारं इंजिन आणलं. इंधन संपलं की वेग संपला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आणखी एक तोड आहे: इंजिन हजार व्यासांच्या आतच नीट चालतं, बाहेर अगदी क्षीण होतं. मी पहिल्या दोन आठवड्यांत हे दोन्ही गच्चीवर मांडलं. दुसरी तोड ऐकायला छान आहे. दूरवरून वेग घेत येणारा दगड तिनं अडतो. पण आमचं प्रकरण शंभर व्यासांच्या आतलं होतं, हजारांची मर्यादा आम्हाला शिवतही नाही. शिवाय हजार व्यास सूर्याचे धरले तर ती हद्द जवळजवळ शनीच्या कक्षेपर्यंत जाते. पहिली तोड घेतली तर खेळ बदलतो, सगळा वेळ इंधन मोजण्यात जातो. भाच्यानं तिसरी सुचवली, त्याच्या व्हिडिओ गेममधली: वेगाला सरळ कमाल मर्यादा घाला. सर उठून घरी जायला निघाले होते.

दादा आणि गणपती घाट

दोन आठवडे दादा फारसं बोलले नव्हते. तिसऱ्या शनिवारी मी नव्यानं आकडे मांडायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही लोक इंजिनावर का भांडून राहिलेत? माझा प्रश्न वेगळा आहे. पावती कोण फाडतं?"

धामनोदजवळचा गणपती घाट इकडच्या प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक आहे. मुंबईकडे जाताना माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतो. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी तो घाट कुप्रसिद्ध आहे. "भरलेला ट्रक म्हणजे बाँबच की," दादा म्हणाले. "ब्रेक गेले की झालं. मग कोणी विचारतं का, की ट्रक शक्य आहे की नाही? ट्रक आहेच. म्हणून परवाना आहे, फिटनेस आहे, विमा आहे, चेकनाका आहे, घाटात गिअर कोणता ठेवायचा ते आहे. अपघात होऊन होऊन ते सगळं झालं. तुमच्या बंदरावर यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या बंदरावरची माणसं अशी वागतात, जणू तिथे बैलगाड्या येतात."

गच्चीवर कोणी बोललं नाही. मला जरा लाज वाटली, खरं सांगतो. भाच्यानं पहिल्याच रात्री विचारलं होतं, बंदरं उभी कशी आहेत? तो माणसांबद्दलचा प्रश्न होता. मी त्याचं उत्तर तीन आठवडे इंजिनात शोधलं, कारण इंजिनाचे आकडे हाताशी होते आणि माणसांचे नव्हते. या विश्वातलं अविश्वसनीय काय असेल तर ते इंजिन नव्हे. असलं इंजिन दारात उभं असताना निवांत दंड मागणारा माझा अधिकारी अविश्वसनीय होता.

ताईंनी मग स्वतःच्याच चालीवर बोट ठेवलं. चाळीस वर्षांचं कर्ज देणारी बँक असली चावी कर्जदाराच्या हातात ठेवून झोपेल का? "मी साध्या टेम्पोला कर्ज देताना आरसी बुकावर बँकेचा बोजा चढवते. या लोकांनी तीन कोटी सत्तर लाखांच्या जहाजाला कर्ज दिलं आणि कुलूप नाही लावलं?"

निर्णय

नियमांतलं इंजिन आम्ही जसंच्या तसं ठेवलं. बदललं ते बंदर. तोड दादांची, आकडे सरांचे.

बंदरात येणाऱ्या जहाजानं ग्रहाकडे नेम धरून यायचं नाही. नेम दहा व्यास बाजूला ठेवायचा, गच्चीवर ताटलीपासून सव्वा मीटर. पलटी मारून वेग उतरवला की मग हळूच आत यायचं. ही कल्पना हवेतली नाही. मंगळाकडे यानं पाठवताना सुरुवातीचा मार्ग मुद्दाम मंगळाला चुकवणारा ठेवतात, म्हणजे मागोमाग जाणारा अग्निबाणाचा शेवटचा टप्पा मंगळावर आदळून तिथे पृथ्वीवरचे जंतू नेणार नाही. यान नंतर आपली दिशा दुरुस्त करून घेतं.

सव्वा मीटरनं काय साधतं? पूर्ण इंजिन आडवं लावून त्या रेषेवरून ग्रहापर्यंत सरकायला 'मल्हारी'ला पंच्याऐंशी मिनिटं लागतात. तेवढा वेळ बंदराला आधी कळतं, आणि काकांचे साडेसहा एकर तापलेले पंख असताना कळणार नाही असं होतच नाही. याहून महत्त्वाचं गणित सरांनी शेवटी केलं. समोरून सरळ येणारं जहाज फोडून उपयोग नसतो, तुकड्यांचा वेग तोच आणि दिशाही तीच. पण रेषेवरून निसटल्यावर पहिल्या तासाभरात फोडलं, तर तुकडे ग्रहाच्या बाजूनं निघून जातात. म्हणजे रेषा नसेल तर तोफ निरुपयोगी, आणि रेषा असेल तर तोफ कामाची. सर हे सांगताना खूश होते. अशक्य जहाजावर एवढं गणित केल्याचं त्यांना कोणी आठवून दिलं नाही.

त्याशिवाय दोन गोष्टी. मुंबई बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजावर बंदराचा पायलट चढतो, तसा इथेही चढेल, आणि त्याची फी जहाजाकडून. दुसरी, बँकेचं कुलूप: कर्ज फिटेपर्यंत रेषा सोडली की इंजिन बँकेच्या संकेताशिवाय चालणार नाही.

एक प्रश्न उरला होता. मी ताईंना म्हटलं, हे नियम आधीपासून होते असं धरू, तुमची चाल मागे घ्या. त्यांनी साफ नकार दिला. "खेळलेली चाल मी परत घेत नाही. त्या दिवशी कुलूप नव्हतं. मी धमकी दिली आणि ती खरी होती."

सर म्हणाले, मग कोणीतरी पहिलं असायलाच हवं ना. वाट तिथून सापडली. आमचं विश्व आमचंच आहे, खेळासोबत मिळणारं हजार वर्षांचं साम्राज्य आम्ही वापरत नाही. मी ठरवलं, या भागात असली इंजिनं येऊन फक्त तीस वर्षं झालीत. (ताईंनी लगेच दाखवून दिलं की म्हणजे अजून एकाही जहाजाचं कर्ज फिटलेलं नाही.) तीस वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ते पहिल्यांदा 'मल्हारी'च्या कॅप्टनच्या आलं. अधिकाऱ्यानं चाळीस मिनिटं शिल्लक असताना दंड मागे घेतला. 'मल्हारी' ग्रहाला वळसा घालून लांब निघून गेली, आणि वेग उतरवून परत यायला तिला बरेच तास लागले. महिनाभरात सगळ्या बंदरांवर नवा फलक लागला. खलाशी त्याला 'मल्हारी रेषा' म्हणतात. शिवी देऊन म्हणतात, कारण पायलटची फी त्यांना भरावी लागते.

त्यानंतर

पुढच्या शनिवारी खेळ पुन्हा सुरू झाला. ताईंनी घरून बँकेचं पत्र लिहून आणलं होतं, कॅप्टनला उद्देशून, म्हणजे स्वतःलाच. 'आपल्या दि. अमुकच्या वर्तनाची नोंद घेण्यात आली असून' अशी सुरुवात. खाली कुलपाचा खर्च कर्जात मिळवलेला, व्याज पाव टक्का वाढवलेलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि सही करून माझ्याकडे दिलं. दादांनी पायलटला चहा विचारला, आणि त्याच्याकडून कळलं की शेजारच्या बंदरात फी निम्मी आहे.

आम्ही बाण काढायला लागलो. या वेळी ते ताटलीच्या बाजूनं, पाण्याच्या टाकीच्या दिशेनं जात होते. भाचा गुडघ्यावर बसून सव्वा मीटर टेपनं मोजत होता. तो मधेच थांबला.

"मामा, जहाजं दोन असली तर? एक रेषेवर, सगळ्यांना दिसणारं. आणि दुसरं त्याच्या पंखांच्या आड, इंजिन बंद ठेवून..."

काकांनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला. "इंजिन बंद, म्हणजे पंख गार. सरक जरा, बघू दे."

सर वही उघडून बसले. गराडू निवत होते.